आमची कन्या शाळा मुलांच्या हायस्कुलात विलीन करावी का? समितीचा ठराव द्यायचाय, मत सांगा

पांदण
नमस्कार मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गावाच्या कडेला, बायपास फुटतो तिथं जिल्हा परिषदेची कन्या शाळा आहे, पाचवी ते दहावी. मोठी मुलगी तिथूनच दहावी झाली, धाकटी आता आठवीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे.

काही वर्षांपासून पट घसरत चाललाय. एके काळी वर्गाच्या दोन-दोन तुकड्या होत्या, आता सगळी शाळा मिळून शंभरीच्या आत. गणिताचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही. विज्ञानाच्या मॅडमच गणित घेतात, वर ऑनलाइन माहिती भरायची, वर निवडणुकीची कामं. शिपाई नाही.

आता वरून विचारणा आली आहे की गावातल्या मुलांच्या हायस्कुलात (तेही जि.प.चंच) ही शाळा विलीन केली तर समितीची हरकत आहे का. तिथं गणिताचे शिक्षक आहेत, प्रयोगशाळा बरी आहे, संगणक चालू आहेत. कागदावर पाहिलं तर पोरींचा फायदाच दिसतो. पण मागच्या सभेत विषय निघाला तेव्हा समितीतल्या सगळ्या आया गप्प बसल्या. एरवी खिचडीत डाळ पातळ झाली तरी बोलणाऱ्या बाया. त्या गप्प बसल्या म्हणून मला धाकधूक आहे.

तुमच्याकडे असं विलीनीकरण झालं असेल तर पुढं काय झालं ते लिहा. नुसतं मत असेल तर तेही चालेल.

तिफण
हो म्हणा आणि मोकळे व्हा. गणिताला शिक्षक नाही ती शाळा टिकवून काय करता? दहावीला गणित गेलं की पोरगी पॉलिटेक्निकला जात नाही, अकरावी सायन्सला जात नाही. कन्या शाळेच्या नावाची माया मलाही आहे, माझी बायको तशाच शाळेत शिकली. पण ती शिकली तेव्हा वर्गात शिक्षक होता.

मृगधारा
तिफणभाऊंशी सहमत, वेगळ्या कारणानं. २०२६ मध्ये मुलींना वेगळं का बसवायचं? माझी मुलगी पुण्यात पहिलीपासून मुलांबरोबर शिकते. पुढं कॉलेजात, नोकरीत मुलं असणारच आहेत. त्यांच्याशी बोलायची सवय दहावीनंतर एकदम कुठून येणार?

बोरीबाभळी
मृगधाराताई, तुमचं तत्त्व मान्य. पण पुण्यात मुलीला शाळेत सोडायला स्कूलबस दारात येते. इथं प्रश्न वर्गातल्या बाकाचा नसतो बहुतेक. पांदणभाऊ, या दोन शाळांत अंतर किती?

पांदण
दोन-अडीच किलोमीटर. मधे बाजार, तहसील आणि जुनं बसस्टँड.

फळा_खडू
मी जि.प.च्या कन्या शाळेत मुख्याध्यापिका होते, आता निवृत्त. यवतमाळ नाही, शेजारच्या जिल्ह्यात. आमच्याकडे हे झालं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कागदावर सगळ्या मुली नव्या शाळेत गेल्या. टीसी एकगठ्ठा दिल्या, एकगठ्ठा दाखल झाल्या. प्रत्यक्षात पाचवी-सहावीच्या मुली टिकल्या आणि आठवी-नववीच्या गळत गेल्या. कोणी मामाच्या गावी गेली, कोणी "तब्येत बरी नसते" म्हणून घरी राहिली. वर्षाअखेर पट पाहिला तर सातवीपर्यंतचा आकडा जवळपास तेवढाच, आणि नववीत निम्मी बाकं रिकामी. आणि एकाही पालकानं येऊन "आमचा विरोध आहे" असं म्हटलं नव्हतं. पांदणभाऊ, तुमच्या समितीतल्या आया गप्प आहेत ना, त्याचा अर्थ हा असू शकतो. त्यांना भांडायचं नाही. त्यांनी घरी ठरवून टाकलेलं असेल.

दुसरी गोष्ट अगदी बारीक आहे, पण लिहितेच. मुलांच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह होतं. बांधकाम चांगलं, फरशी बसवलेली. शिपाई एकच, साफसफाई होईना, म्हणून त्याला कुलूप लावलं आणि किल्ली ऑफिसात टेबलामागच्या खिळ्याला. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं ऑफिसात जायचं, तिथं बसलेल्या तीन-चार सरांसमोर किल्ली मागायची, आणि परत आणून द्यायची. मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. एप्रिलात सुद्धा. आमच्या जुन्या शाळेत संडास पडके होते, पण दाराला आतून कडी होती आणि किल्ली कोणाला मागावी लागत नव्हती.

भेट द्यायला येणारे फोटो काढतात ते फरशीचे. किल्ली कुठं असते ते कोणी विचारत नाही.

सोनकी
मॅडम, पाणी न पिण्याचं अगदी अगदी. आम्ही पण नव्हतो पीत. दुपारच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या मैत्रिणीबरोबर तिच्या घरी जायचो त्यासाठी.

वऱ्हाडी_ठेचा
मंडळी, एक अवांतर. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात यावरून माझी पुण्याची भाची आमच्या पोरींना दरवर्षी चिडवते. तिची पुस्तकांना कव्हरं घालून होतात तेव्हा इकडं पोरी अजून झाडावरच असतात. तिला यंदा मे महिन्यात इकडं आणतोय, पाहू किती चिडवते.

तिफण
ठेचाभाऊ, तिला अकोल्याला उतरवा दुपारी दोनच्या गाडीनं. प्रश्न मिटला.

फळा_खडू मॅडम, तुमचा अनुभव मोठा आहे, त्यावर वाद नाही. पण यावर उपाय किल्ली खिळ्यावरून काढणं आहे ना? शाळा वेगळी ठेवणं नाही. आणि गणिताचं काय?

वाटसरू_वकील
कायद्याची बाजू मांडतो, कारण अशा चर्चेत ती कायम सुटते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा वयासाठी, पहिली ते आठवीसाठी. महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. नववी-दहावी या कायद्यात बसतच नाही. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी हे धोरण होतं, माध्यमिक शिक्षा अभियानाच्या वेळचं, पण तो हक्क नव्हे.

म्हणजे ज्या वर्गात मुली गळतात, नेमका तिथंच कायद्याचा आधार संपतो. शालेय पोषण आहारसुद्धा आठवीपर्यंतच.

समितीबद्दल: तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा म्हणतो. म्हणजे पांदणभाऊ, त्या गप्प बसलेल्या आयाच तुमच्या ठरावाचं बहुमत आहेत.

सोनकी
पोषण आहाराचा विषय निघाला म्हणून. मी एका कन्या शाळेत स्वयंपाकाला मदतनीस आहे. सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅम तांदूळ धरून शिजवायचं, रोजची हजेरी घेऊन. नववी-दहावीला नाही. एकाच शाळेत, एकाच व्हरांड्यात. आठवीच्या पोरी ताटं घेऊन बसतात आणि गेल्या वर्षी त्यांच्यासोबत बसणाऱ्या नववीच्या पोरी आपापला डबा काढतात. सगळ्यांकडे डबा नसतो. ज्या लांबच्या गावावरून साडेआठला निघतात त्यांच्या घरी तोपर्यंत माय वावरात गेलेली असते.

आमच्याकडे पोरींनी आपल्या आपण तोड काढली आहे. आठवीची पोरगी थोडं जास्त वाढून घेते आणि नववीच्या बहिणीजवळ जाऊन बसते. आम्ही काही बोलत नाही.

बोरीबाभळी
सोनकीताई, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. तुम्ही काही बोलत नाही हे फार चांगलं करता.

धुऱ्यावरून
मी लय शिकेल मानूस नाई. पोरीनं हे मोबाईलवर वाचून दाखोलं, तिलेच लिहाले लावतो.

आमचा तालुका दुसरा हाय, पन गोठ तेच. मोठी पोरगी आठवीत होती तवा एसटीचा संप लागला, २०२१ च्या दिवाळीत. थेट एप्रिलपर्यंत चालला. संप करनाऱ्याइले मी बोल नाई लावत, त्याइलेबी पोट हाय. पन पोरगी घरी बसली. तवाच कापसाची वेचणी सुरू. घरी हाय त चाल वावरात. किलोमागं वेचाई भेटे, तिच्या हातात पैसा आला, घराले हातभार झाला. एकदा वावराची सवय लागली का मंग शायेचं नाव निंगत नाई. नववीत तिचं नाव टाकलंच नाई.

आता धाकटी जाते. निळ्या बसनं जाते अन शायेच्या फाटकापाशी उतरते. मले येवढंच पायजे. फाटकापाशी उतरली पायजे. मंधात बाजार, पानठेले, ते पोट्टे मोटरसायकली घेऊन उभे राह्यतात, थे नाई पायजे. वर्गात पोट्टे बसले त बसले, मले काई नाई. माझा सवाल रस्त्याचा हाय.

मृगधारा
धुऱ्यावरून दादा, तुमचं वाचलं आणि माझा मुद्दा जरा वेगळ्या जागी जाऊन बसला. मी वर्गाबद्दल बोलत होते, तुम्ही रस्त्याबद्दल. सहशिक्षण हवं हे मी अजूनही म्हणेन, पण बाजारातून अडीच किलोमीटर चालत जाऊन नव्हे. धाकटीला शुभेच्छा कळवा. आणि मोठीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थिनी म्हणून दहावीला बसता येतं, शाळेत विचारून घ्या.

धुऱ्यावरून
तिचं लगन झालं ताई. अठरा पुरे झाल्यावरच केलं. पन फॉर्मचं सांगतो तिले, तिचा नवरा चांगला हाय.

निळी_बस
मी एसटीत वाहक आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या, शाळेच्या मुलींना नेणाऱ्या निळ्या गाडीवर बरीच ड्युटी केली आहे. मीही कन्या शाळेचीच, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतेय. पांदणभाऊ, एक सांगा. तुमच्या पोरींची बस आत्ता कुठं थांबते आणि ती गाडी किती गावं करते? यावर सगळं अवलंबून आहे.

पांदण
ताई, उद्या विचारून सांगतो.

नागविदर्भ
अवांतर होईल, पण या धाग्यावर हे नाव यायलाच हवं. जाईबाई चौधरी. जन्म १८९२, उमरेडच्या. नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून हमाली करायच्या. मिशनऱ्यांच्या मदतीनं शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली, तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी मुलं काढून घेतली आणि नोकरी गेली. परत हमाली. त्या बाईनं १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळा कन्या पाठशाळा काढली.

३ जानेवारीला आपल्याकडे सावित्रीबाईंचा फोटो लागतो, लागायलाच हवा. त्याच्या बाजूला विदर्भातल्या किती कन्या शाळांत जाईबाईंचा फोटो आहे? आमच्या मुलीच्या शाळेत मी नेऊन दिला. मुलींना त्या हमाली करायच्या हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक जण म्हणाली, "माझी माय पण स्टेशनवर ओझे उचलते." सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला, आणि ती ताठ बसली होती.

वर्धेकाठ
नागविदर्भ, फार छान लिहिलंत.

जुन्या गोष्टीत माझी एक भर. इकडं म्हातारी माणसं अजून "जनपदची शाळा" म्हणतात. मध्य प्रांत-वऱ्हाड असताना १९४८ च्या कायद्यानं जनपद सभा (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्था) आल्या, त्यांच्याकडे शाळा होत्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा त्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की मोठ्या शिक्षणसंस्था आठवतात. विदर्भातही पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था १९३२ पासून आहे. पण गरिबाच्या पोरीसाठी फी, देणगी काही न मागणारं हायस्कूल म्हणजे जिल्हा परिषदेचंच. ते मिटलं तर खाजगी संस्था ती जागा भरेल, पण पोरींची जागा तिथं असेलच असं नाही.

टिंबटिंब
पण हे सगळं भावनिक होतंय. विद्यार्थीच नाहीत तर सरकारनं शाळा चालवायची कशी? संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं द्यायची ते, पटावर ठरते. पट कमी, पदं कमी. पदं कमी म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पट कमी. हे चक्र ठरावानं थांबत नाही.

फळा_खडू
टिंबटिंब, चक्र तुम्ही बरोबर मांडलंत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानं कमी पटाच्या वर्गांची पदं आणखी आवळली, त्यावर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. पण चक्र फिरतं आहे म्हणून त्यात मुलीच घालायच्या का?

माझ्या नोकरीत मी एक उपाय चाललेला पाहिला आहे. शेजारच्या हायस्कुलातले गणिताचे सर आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, यायचे. सलग दोन-दोन तासिका घ्यायचे, नववी आणि दहावी. वेळापत्रक त्यांच्या शाळेच्या आणि आमच्या वेळापत्रकाला जोडून बनवलं होतं, कटकट झाली, पण चाललं. त्या मुलींपैकी एकीला आठवीत एनएमएमएस परीक्षेतून शिष्यवृत्ती लागली होती. वर्षाला बारा हजार रुपये, बारावीपर्यंत. तिच्या घरच्यांनी तिचं शिक्षण थांबवलं नाही याचं मोठं कारण ते बारा हजार होते. आणि त्या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीबरोबर गणितही असतं. म्हणजे तिफणभाऊ म्हणतात ते खरंच आहे, गणिताशिवाय भागत नाही.

मोटरसायकलवर एक माणूस अडीच किलोमीटर हलवायचा की ऐंशी-नव्वद मुली हलवायच्या, एवढाच प्रश्न आहे माझ्या मते.

तिफण
मॅडम, हे पटलं. शिक्षक हलवायला माझी शंभर टक्के संमती. पण ते ठरावात स्पष्ट लिहून घ्या. "शिक्षकाची व्यवस्था करण्यात यावी" असं मोघम लिहिलं की दोन वर्षं फाइल फिरते. विषय, इयत्ता, आठवड्याच्या तासिका, सगळं लिहा.

पांदण
चौकशी करून आलो. आज संध्याकाळी शाळा सुटताना फाट्यावर थांबलो होतो.

निळी गाडी शाळेच्या फाटकासमोरच फाट्यावर वळते. सकाळी एक गाडी दोन दिशेच्या गावांना करते. आधी पूर्वेकडच्या तीन गावांच्या पोरी आणून सोडते, मग पश्चिमेकडं जाते. पश्चिमेच्या पोरी परिपाठाला कशाबशा पोचतात. पास सगळ्यांकडे आहे, अहिल्याबाई होळकर योजनेचा, फुकट. आठवीच्या वरच्या काही जवळच्या पोरींना सायकली मिळाल्या आहेत, त्यातल्या दोन-तीन पंक्चर होऊन घरी पडून आहेत. त्यांच्या गावात पंक्चरवाला नाही.

एका आईला तिथंच गाठलं, समितीतल्याच. विचारलं, ताई सभेत बोलल्या काहून नाही? ती म्हणाली, "भाऊ, सभेत सर होते, साहेब होते. आमी नाई म्हटलं असतं त तुमी म्हटले असते बाया मागासलेल्या हायत. आमी पोरीले शायेतून नाई काढनार. पन तिथं नाई धाडनार." मी विचारलं, मग कुठं? तर गप्प.

बोरीबाभळी
हे तुमच्या धाग्याचं उत्तर आहे, पांदणभाऊ.

निळी_बस
मला याचीच शंका होती. आता गाडीचा हिशेब सांगते.

निळ्या बस मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत चालतात, राज्यातले १२५ तालुके, तालुक्याला सात गाड्या. एवढ्यात सगळी गावं करायची. म्हणून एक गाडी दोन दिशा करते. आता फाट्यावर वळणारी गाडी गावात न्यायची म्हटली तर बाजाराच्या गर्दीतून आत जायचं, पोरी उतरवायच्या, वळायला जागा शोधायची, परत बाहेर यायचं. बाजाराच्या दिवशी तर विचारूच नका. हा वेळ पूर्वेच्या पोरींना जाणवणार नाही. पश्चिमेच्या पोरींची गाडी मात्र तेवढी उशिरा सुटेल आणि त्यांचा पहिला तास रोज बुडेल. काही महिन्यांत त्या गावांतून पोरी चढायच्या कमी होतील. मग कोणीतरी म्हणेल भारमान नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, फेरी बंद करा. मी हे होताना पाहिलं आहे. फेरी अशी हळूहळू मरते, एका दिवसात कोणी बंद करत नाही.

दुसरा पर्याय, गाडी फाट्यावरच थांबेल आणि पोरी चालत गावात जातील. म्हणजे वर धुऱ्यावरून दादांनी लिहिलेला रस्ता.

अजून एक, हे विलीनीकरण झालं-नाही झालं तरी करा. मार्चमध्ये सकाळची शाळा लागते. शाळा अकरा-साडेअकराला सुटते आणि गाडीचं वेळापत्रक संध्याकाळचंच राहतं. पोरी उन्हाची दुपार व्हरांड्यात काढतात, किंवा मिळेल त्या काळीपिवळीनं जातात. काळीपिवळीत पोरी कशा कोंबतात ते सगळ्यांना माहीत आहे. हे टाळायला फार काही लागत नाही. शाळेची वेळ बदलायच्या आधी पंधरा दिवस मुख्याध्यापकांचं पत्र आगारप्रमुखांना गेलं पाहिजे, जावक क्रमांक टाकून, आणि पोच घेतलेली प्रत शाळेत ठेवायची. आमच्याकडे पत्र येतं सकाळची शाळा सुरू होऊन आठ दिवस झाल्यावर, तोवर गाड्या लग्नसराईत लावलेल्या असतात.

सोनकी
बसताई, लग्नसराईचं खरंय. एप्रिलात आमच्या पोरी गाडीपेक्षा जास्त वरातीच पाहतात.

वऱ्हाडी_ठेचा
सायकलींबद्दल सांगतो. आमच्या गावातल्या एका पोरानं दर शनिवारी शाळेत जाऊन पंक्चर काढून द्यायला सुरुवात केली आहे. पंक्चरचा डबा, पंप, पाण्याचं घमेलं. पैसे घेत नाही, दुकानाचं नाव होतं म्हणतो. आता नववीच्या पोरी स्वतःच काढतात, तो फक्त ट्यूब बघून देतो. तालुक्याच्या गावात एखादा सायकलवाला तयार होईल, विचारून पाहा.

टिंबटिंब
मी माझ्या आधीच्या प्रतिसादात चक्राबद्दल लिहिलं होतं. वरचं वाचून एक प्रश्न. पट वाढवायचा असेल तर पश्चिमेच्या गावांतल्या सातवी संपलेल्या मुली कुठं जातात ते कोणी पाहिलं आहे का? पाचवी ते सातवी गावातच असते ना बहुतेक ठिकाणी? आठवीला त्या तुमच्याकडे यायला हव्यात. त्या येत नसतील तर कुठं आहेत?

पांदण
टिंबटिंब, फार मोलाचं विचारलंत. त्या गावच्या शाळेत सातवीनंतर टीसी किती निघाल्या आणि आमच्याकडे किती दाखल झाल्या हे केंद्रप्रमुखांकडून घेता येईल. नावं नको, आकडे पुरे.

वाटसरू_वकील
ते आकडे मिळाले तर ठरावाला जोडा. आणि त्यात एखादी मुलगी घरी बसलेली सापडली आणि लग्नाची कुणकुण असेल, तर लक्षात ठेवा: गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. हे समितीतल्या आयांना सांगून ठेवा. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायलाच हवी, २०२२ चा शासन निर्णय आहे. ती फलकावर आहे की खरंच बसते, तेही पाहा.

मृगधारा
मी नागपूरला असते तेव्हा एक करू शकते. दहावीच्या मुलींना पुढचे रस्ते सांगायला येईन. जुलै २०२४ मध्ये सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांची मुलींची फी माफ केली आहे, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी. इंजिनीअरिंग, फार्मसी सगळं. हे दहावीच्या मुलीच्या घरी कळलं तर ती अकरावीला सायन्स मागेल. मुलीच काय, मुलांच्या हायस्कुलातल्या मुलांशीही बोलेन.

पांदण
मृगधाराताई, या. जेवायला आमच्याकडेच.

आता जे झालं ते सांगतो. काल शाळा सुटल्यावर व्हरांड्यात आयांची वेगळी बैठक घेतली. सर नाही, साहेब नाही, मीही फाटकाबाहेर उभा होतो, आत मुख्याध्यापिका मॅडम होत्या. तासभर बोलल्या. बाहेर आवाज येत होता. नंतर मॅडमनी सांगितलं की एक जण सोडून सगळ्यांनी विलीनीकरणाला नाही म्हटलं. जी हो म्हणाली तिचं घर मुलांच्या शाळेसमोरच आहे, तिचंही बरोबर आहे. गणिताचे शिक्षक इकडं आणा यावर मात्र एकमत. स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी तुटली आहे हेही तिथंच कळलं. माझी मुलगी रोज जाते, मला कधी बोलली नव्हती. कडी आज बसवली.

ठरावाचा मसुदा असा केला आहे, चुका सांगा:

"कन्या शाळेचे विलीनीकरण करण्यास समितीची हरकत आहे. शाळेतील बहुसंख्य विद्यार्थिनी बाहेरगावच्या असून मानव विकास कार्यक्रमाची बस शाळेच्या फाटकासमोर थांबते. शाळा गावात हलविल्यास पश्चिमेकडील गावांच्या विद्यार्थिनींचा पहिला तास बुडेल व इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थिनींची गळती होईल. सबब शाळा आहे त्या ठिकाणी सुरू ठेवावी. गणित विषयाचे रिक्त पद भरेपर्यंत मुलांच्या हायस्कूलमधील गणित शिक्षकांना आठवड्यातून तीन दिवस, इयत्ता नववी व दहावीसाठी सलग दोन-दोन तासिका, कामगिरीवर देण्यात यावे. प्रयोगशाळा व संगणक वापरासाठी महिन्यातून दोन शनिवार विद्यार्थिनींना शिक्षिकेसोबत बसने हायस्कूलमध्ये नेण्यात यावे. सोबत सातवीनंतरच्या टीसी व दाखल विद्यार्थिनींचे गावनिहाय आकडे जोडले आहेत."

फळा_खडू
उत्तम झाला आहे. "पद भरेपर्यंत" याच्या पुढं "दरवर्षी जूनमध्ये आढावा घेऊन" असं घाला, नाहीतर पुढच्या वर्षी कामगिरीचा आदेश संपतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

निळी_बस
शनिवारच्या बसची वेळ आगाराला वेगळ्या पत्रानं कळवा, ठरावावर विसंबू नका. शनिवारी शाळा सकाळची असते, ती गाडी तेव्हा मोकळी असते.

तिफण
सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन आयांचीच नावं घाला, पांदणभाऊ. आणि सही करताना मोकळी जागा ठेवू नका, आडवी रेघ मारा.

पांदण
तेच ठरलंय. सूचक ती फाट्यावर भेटलेली ताई. सभा सोमवारी आहे, झाल्यावर पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो इथं टाकतो.